सोयीचा जीव, गैरसोयीचा जीव

सप्टेंबर २०२०मध्ये अमेरिकेतल्या ‘नॅशनल कॅथलिक प्रेयर ब्रेकफास्ट’ या संस्थेने तेव्हाचे ॲटर्नी जनरल विल्यम बार यांना पुरस्कार दिला. सार्वजनिक जीवनात श्रद्धेला धरून वागणाऱ्या प्रापंचिक कॅथलिकाचा गौरव, असं त्याचं स्वरूप. तारीख होती २३ सप्टेंबर. आदल्याच दिवशी इंडियाना राज्यातल्या टेर हॉटच्या केंद्रीय तुरुंगात एका कैद्याला विषाचं इंजेक्शन देऊन मृत्युदंड दिला गेला होता. दुसऱ्या दिवशी आणखी एकाची पाळी होती. सतरा वर्षं थांबलेले केंद्रीय मृत्युदंड पुन्हा सुरू केले ते बार यांच्याच खात्याने. जुलै २०२० ते जानेवारी २०२१ या काळात अशी १३ माणसं मारली गेली.

पाच वर्षांनी, २०२५च्या सप्टेंबरमध्ये, दुसऱ्या पुरस्काराचा तंटा उभा राहिला. शिकागोचे कार्डिनल ब्लेझ सूपिच यांच्या आर्चडायसिसने (धर्मप्रांताने) सिनेटर डिक डरबिन यांना स्थलांतरितांसाठी केलेल्या दीर्घ कामाबद्दल जीवनगौरव द्यायचं ठरवलं. डरबिनही कॅथलिक, पण गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने मतदान करणारे. त्यांच्या स्वतःच्या स्प्रिंगफील्ड डायसिसमध्ये त्यांना २००४पासून कम्युनियन (उपासनेतला पवित्र प्रसाद) घेता येत नाही. तिथले बिशप थॉमस पाप्रॉकी यांनी जाहीर निषेध केला आणि मागोमाग आणखी काही बिशप पुढे आले. ३० सप्टेंबरला कॅस्टेल गांडोल्फोच्या दारात पत्रकारांनी पोप लिओ चौदावे यांना गाठलं. पोप मूळचे शिकागोचेच. या प्रकरणाची आपल्याला फारशी माहिती नाही, असं आधी सांगून ते जे बोलले त्याचा आशय असा : गर्भपाताला विरोध पण मृत्युदंडाला पाठिंबा, असं म्हणणारा खऱ्या अर्थाने प्रो-लाइफ, म्हणजे जीवनाच्या बाजूचा, नाही; आणि गर्भपाताला विरोध पण अमेरिकेत स्थलांतरितांना मिळणारी अमानुष वागणूक मान्य, असं म्हणणारा प्रो-लाइफ आहे की नाही, मला माहीत नाही. त्याच दिवशी डरबिन यांनी पुरस्कार नको असल्याचं कळवलं.

मला विचाराल तर या दोन्ही पुरस्कारांवर आक्षेप घेणाऱ्यांचं बरोबर होतं, आणि दोहोंपैकी एकावरच आक्षेप घेणाऱ्यांचं चुकलं. बार यांच्या वेळी काही धर्मभगिनींनी आणि मृत्युदंडविरोधी कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, पण बिशपांची तशी रांग मला तरी दिसली नाही. एक पुरस्कार प्रापंचिकांच्या संस्थेचा आणि दुसरा खुद्द आर्चडायसिसचा, हा फरक आहे, मान्य. पण पाच वर्षांचं मौन समजावून सांगायला तो पुरत नाही.

वसईच्या किंवा गोव्याच्या आमच्यासारख्या कॅथलिकांना बाहेरची मंडळी नेहमी म्हणतात, ‘तुमचं बरं आहे, पोपने सांगितलं की विषय संपला.’ तसं असतं तर बरं झालं असतं, असं खुद्द पोपनाच कित्येकदा वाटलं असेल. गेली चाळीस वर्षं अमेरिकन कॅथलिक एकाच प्रश्नावर भांडतायत : जीवनाच्या बाजूने असणं म्हणजे नेमकं कुणाच्या बाजूने असणं? त्या भांडणाला आता परंपरेच्या भांडणाचीही जोड मिळाली आहे. अमेरिकेचं पाणी यूट्यूबमार्गे आपल्या धर्मग्रामांतही येऊ लागलंय, म्हणून हे प्रकरण इथेही समजून घेतलेलं बरं.

सुरुवात साधारण १९८३पासून धरता येईल. शिकागोचे आर्चबिशप जोसेफ बर्नार्डिन यांच्या समितीने त्या वर्षी अमेरिकन बिशपांचं अण्वस्त्रांविषयीचं गाजलेलं पत्र तयार केलं होतं. पाठोपाठ बिशपांच्या गर्भपातविरोधी कामाची धुराही त्यांच्याकडे आली. ६ डिसेंबरला न्यू यॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात त्यांनी ही दोन्ही कामं एका सूत्रात ओवली. गर्भपात, युद्ध, मृत्युदंड, इच्छामरण हे सुटे प्रश्न नाहीत. त्यांच्या मुळाशी माणसाच्या जिवाचं मोल हा एकच प्रश्न आहे, अशी त्यांची मांडणी. जो सर्वांत दुबळ्याच्या जगण्याच्या हक्कासाठी लढतो, त्याने भुकेला, बेघर, बेकार आणि कागदपत्रं नसलेला स्थलांतरित यांच्यासाठीही तितकंच दिसेल असं उभं राहिलं पाहिजे, असं ते म्हणाले. हो, कागदपत्रं नसलेला स्थलांतरित १९८३च्या भाषणातच होता. ती काही ट्रम्पविरोधकांनी काल घुसडलेली यादी नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात शिपाई येशूचा बिनशिवणीचा अंगरखा फाडत नाहीत, त्यावर चिठ्ठ्या टाकतात. या मांडणीला तेच नाव चिकटलं.

अंगरख्यावर पहिल्या दिवसापासून टीका झाली आणि त्या टीकेत तथ्य होतं. सगळे प्रश्न एका पातळीवर आणले की ज्याला गर्भपातावर बोलायचंच नाही त्याची सोय होते. ‘मी शाळेतल्या जेवणाच्या योजनेला मत दिलं, म्हणजे मीही प्रो-लाइफच,’ असं म्हणून राजकारणी मोकळा होतो. बर्नार्डिन यांनी स्वतः बजावून ठेवलं होतं की प्रत्येक प्रश्न वेगळा आहे, एकाच्या बदल्यात दुसरा चालणार नाही. पण बजावणी कोण वाचतं? पुढे २००४मध्ये कार्डिनल रात्झिंगर, म्हणजे नंतरचे पोप बेनेडिक्ट, यांनी अमेरिकन बिशपांसाठी लिहिलेल्या टिपणात फरक स्पष्ट केला : युद्ध करावं की नाही, मृत्युदंड द्यावा की नाही यावर कॅथलिकांमध्ये रास्त मतभेद असू शकतात, गर्भपात आणि इच्छामरण यांवर नाही.

पाप्रॉकींसारखे बिशप याच पायावर उभे आहेत. नोव्हेंबर २०१९मध्ये अमेरिकन बिशपांच्या बाल्टिमोरच्या बैठकीत हा पेच मतपेटीपर्यंत गेला. मतदारांसाठीच्या पत्रात गर्भपात हा ‘सर्वोच्च अग्रक्रम’ असं लिहिलेलं होतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१८मध्ये लिहिलेला एक परिच्छेद त्याला पूर्णपणे जोडावा, अशी दुरुस्ती सूपिच यांनी सुचवली. न जन्मलेल्या निरपराध जिवाचं रक्षण ठाम आणि कळकळीचं असलंच पाहिजे, पण जन्मलेल्या गरिबांचं, टाकून दिलेल्यांचं जीवनही तितकंच पवित्र आहे, असा तो परिच्छेद. दुरुस्ती ६९ विरुद्ध १४३ मतांनी पडली. एक परिच्छेद पूर्ण छापायचा की अर्धा, यावर दोनशेहून अधिक बिशपांनी मतदान केलं, यातच किती अविश्वास साचला होता ते कळतं.

माझं म्हणणं असं की उतरंड खरी आहे, पण ती मौनाची परवानगी नव्हे. एखाद्याला थेट ठार मारणं आणि व्हिसाचा कोटा ठरवणं एकाच तोलाचं नाही. वर्षाला किती लोकांना देशात घ्यावं यावर दोन प्रामाणिक कॅथलिक दोन टोकांना असू शकतात. पोप मात्र कोट्याबद्दल बोललेच नव्हते, ते अमानुष वागणुकीबद्दल बोलले. आणि तो विषय ‘ज्याचं त्याने ठरवावं’ या खात्यात टाकणाऱ्यांची अडचण अशी की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५मध्ये जीवनाविरुद्धच्या गुन्ह्यांची जी यादी केली, तिच्या एकाच वाक्यात खून, वंशसंहार, गर्भपात आणि इच्छामरण यांच्यासोबत अमानवी राहणीमान, मनमानी तुरुंगवास, हद्दपारी, गुलामी आणि बायका-मुलांचा व्यापारही आहे. १९९३मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी हीच यादी उद्धृत केली, ती मुळातच वाईट असलेल्या कृत्यांची उदाहरणं म्हणून. जॉन पॉल यांना कुणी पुरोगामी म्हणणार नाही. आता १९६५ साली ‘हद्दपारी’ म्हणताना परिषदेच्या डोळ्यांसमोर युरोपातल्या छळछावण्या आणि माणसांनी कोंबलेल्या आगगाड्या असणार. मुदत संपलेल्या व्हिसावर परत पाठवलेला प्रत्येक माणूस त्यात बसत नाही. तेवढी सवलत देऊनही २०१८मध्ये सरहद्दीवर आईबापांपासून तोडलेली पोरं त्या वाक्यातून बाहेर काढता येत नाहीत.

खरी कसोटी लागते ती मृत्युदंडावर. तिथे परंपरावाद्यांची बाजू इतकी भक्कम आहे की पुरोगामी कॅथलिक तिच्याकडे बघायचंच टाळतात. १२१०मध्ये पोप इनोसंट तिसरे यांनी चर्चमध्ये परतू पाहणाऱ्या वाल्डेन्सियन पंथीयांकडून जी कबुली मागितली, तिच्यात एक कलम होतं : राजसत्तेने द्वेषाने नव्हे तर न्यायबुद्धीने मृत्युदंड दिला तर तिला महापाप लागत नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते समाजाला घातक झालेला माणूस म्हणजे शरीराचा सडलेला अवयव, तो कापणं योग्यच. पोपच्या राज्यात पगारी जल्लाद होता. रोमकर त्याला मास्त्रो तित्ता म्हणत. १७९६पासून साठहून अधिक वर्षांच्या नोकरीत त्याने ५१६ जणांना मारलं, त्यांचा हिशेब त्याने स्वतःच लिहून ठेवला, आणि म्हातारपणी त्याला पेन्शनही मिळालं. व्हॅटिकन सिटीच्या कायद्यातून मृत्युदंड अधिकृतपणे निघाला तो १९६९मध्ये.

या पार्श्वभूमीवर ऑगस्ट २०१८मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथाचा, परिच्छेद २२६७ बदलला आणि मृत्युदंड अग्राह्य ठरवला. त्याच महिन्यात ४५ अभ्यासक आणि धर्मगुरूंनी कार्डिनलांना जाहीर आवाहन केलं की पोपना हे मागे घ्यायला सांगा. त्यांच्या मनातला प्रश्न साधा आणि बोचरा होता. चर्च शेकडो वर्षं या बाबतीत चुकत होतं, असं म्हणायचं असेल तर गर्भपाताच्या बाबतीतही चुकत नसेल कशावरून? एक वीट काढली की भिंत शाबूत राहील याची हमी कोण देणार?

यावर ‘काळ बदलला, तुरुंग सुधारले’ हे नेहमीचं उत्तर मला लंगडं वाटतं. जॉन पॉल यांनी १९९५च्या पत्रात बऱ्याच अंशी तेच दिलं होतं : आज समाजाचं रक्षण दुसऱ्या मार्गांनी होऊ शकतं, म्हणून मृत्युदंडाची गरज जवळजवळ उरलेली नाही. गरज हाच आधार असेल तर तुरुंग फुटले की फाशी परत येईल. पण त्याच पत्रात त्यांनी दुसरंही काही लिहिलं होतं, काइनबद्दल. भावाचा खून केलेल्या काइनच्या अंगावर देव खूण करतो, ती कुणी त्याला मारू नये म्हणून. खुनी माणूसही आपली प्रतिष्ठा गमावत नाही आणि तिचा जामीनदार खुद्द देव आहे, असं जॉन पॉल सांगतात. उत्तर तिथे आहे. गर्भाच्या बाजूने चर्चचा युक्तिवाद काय असतो? याने अजून काही केलेलं नाही, याला काही करता येत नाही, तरी याचं मोल पूर्ण आहे. कारण माणसाचं मोल त्याच्या कर्तबगारीवर ठरत नाही. मग ते कर्मावरून कमी तरी कसं होईल? खुनाने मोल शून्यावर येत असेल, तर मोल कमावता-गमावता येतं हे मान्य केल्यासारखं झालं, आणि गर्भाचा खटला त्याच क्षणी कच्चा पडला. म्हणजे भिंतीतून वीट काढली नाही. भिंत जिच्यावर उभी होती ती पायरी उशिरा का होईना, उघडी झाली. हे मान्य करताना चर्चने आपण शतकानुशतकं मृत्युदंड सहज पचवला हे सरळ बोलून दाखवायला हवं होतं. अग्राह्य म्हणायचं पण मुळातच पाप म्हणायचं नाही, अशी मधली वाट काढून रोमने टीकाकारांना आयतं कोलीत दिलं.

परंपरा कधीच हलली नाही, हे गर्भपाताच्या बाबतीतही पूर्ण खरं नाही. निषेध पहिल्या शतकांपासून सलग आहे, त्यात शंका नाही. पण गर्भात आत्मा कधी येतो याबद्दल अक्वायनस ॲरिस्टॉटलच्या मागे गेले. त्यांच्या लेखी तो काही आठवड्यांनंतर येतो. १५८८मध्ये पोप सिक्स्तस पाचवे यांनी सगळ्याच गर्भपातांना मनुष्यवधाची कठोर शिक्षा लावली. तीन वर्षांत पोप ग्रेगरी चौदावे यांनी ती सैल केली. गर्भ किती दिवसांचा असा भेद न करता चर्चमधून बहिष्कार पुन्हा आला तो १८६९मध्ये, नववे पायस यांच्या काळात. म्हणजे गाभा तोच राहिला आणि कायदा, शिक्षा, शरीरशास्त्राची समज हे सगळं त्याच्याभोवती सरकत राहिलं.

आणि परंपरा वाचायचीच तर पूर्ण वाचावी. मृत्युदंडाचे समर्थक पोप पायस बारावे यांचं एक भाषण हमखास पुढे करतात. खून केलेल्याने जगण्याचा हक्क आधीच गमावलेला असतो, राज्यसत्ता फक्त त्याचं जगणं काढून घेते, असं त्यात आहे. तारीख, १४ सप्टेंबर १९५२. त्याच पायस यांनी त्याच वर्षी १ ऑगस्टला स्थलांतरितांवर एक विस्तृत पत्र काढलं होतं. हेरोदाच्या भीतीने इजिप्तला पळून गेलेलं नाझरेथचं कुटुंब हा जगातल्या प्रत्येक निर्वासित कुटुंबाचा आदर्श आहे, अशी त्याची सुरुवात. दोन्हींमध्ये साधारण सहा आठवड्यांचंच अंतर आहे. पण सप्टेंबरचा पायस ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांच्या तोंडून ऑगस्टचा पायस मी क्वचितच ऐकलाय. उलट बाजूचंही तेच. गर्भपाताचा निषेध करणारा ख्रिस्ती धर्मातला एक अगदी जुना ग्रंथ म्हणजे ‘डिडाखे’. त्यात मृत्यूच्या मार्गाने जाणाऱ्यांची यादी आहे. तिच्यात बालकांचे मारेकरी आहेत, आणि लगोलग, त्याच दमात, गरजवंताकडे पाठ फिरवणारे, श्रीमंतांची वकिली करणारे, गरिबांचा अन्यायाने न्याय करणारेही आहेत. एक गट यादीचा पहिला भाग वाचतो, दुसरा दुसरा.

लॅटिन मिस्साचा, म्हणजे जुन्या लॅटिन उपासनाविधीचा, वाद इथे थोडक्यात उरकतो, कारण आवाज मोठा असला तरी त्यात माल कमी आहे. पोप बेनेडिक्ट यांनी २००७मध्ये जुन्या विधीला मोकळीक दिली, फ्रान्सिस यांनी जुलै २०२१मध्ये ती आवळली, आणि जुना विधी आवडणाऱ्या साध्या माणसांना विनाकारण दुखावलं, असं माझं मत. पण जुन्या विधीच्या काही कैवाऱ्यांनी मिस्सा, मृत्युदंड, सरहद्दीची भिंत असं एकच गाठोडं बांधलंय आणि त्यावर ‘परंपरा’ अशी चिठ्ठी लावली आहे. १५७०मध्ये पोप पायस पाचवे यांनी रोमन मिस्साग्रंथ सगळीकडे लागू केला, तेव्हासुद्धा दोनशे वर्षांपेक्षा जुने स्थानिक विधी त्यांनी चालू राहू दिले होते. आपल्याकडे १५९९मध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी केरळात जाऊन सीरियन ख्रिस्ती लोकांवर लॅटिन वळण लादलं, ते त्यांच्या कितीतरी जुन्या परंपरेवर वरवंटा फिरवून. तेव्हा लॅटिन हेच नावीन्य होतं.

अमेरिकन गोंधळाचं मूळ मला ईशशास्त्रात दिसत नाही, पक्षनिष्ठेत दिसतं. मारिओ क्युओमो न्यू यॉर्कचे गव्हर्नर, डेमोक्रॅट, वाचन-मनन असलेले कॅथलिक. सप्टेंबर १९८४मध्ये नोटर डेम विद्यापीठात त्यांनी भाषण केलं : मी चर्चची शिकवण मानतो, पण समाजात एकमत नसताना ती कायद्याने लादणार नाही. ऐकायला समंजस वाटतं. पण त्याच क्युओमोंनी मृत्युदंड परत आणणारं विधेयक दरवर्षी, असं एकूण १२ वेळा नाकारलं, आणि तेव्हा लोकमत त्यांच्या विरुद्ध होतं. तिथे एकमताची वाट त्यांनी पाहिली नाही, आणि चांगलं केलं. मग गर्भपाताच्या वेळीच एकमत का हवं होतं? दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कलिया. २००२मध्ये ते म्हणाले की मृत्युदंड अनैतिक वाटणाऱ्या न्यायाधीशाने राजीनामा द्यावा. त्यांचं आणखी म्हणणं, पोपचं १९९५चं पत्र अचूकतेच्या (पोप चुकू शकत नाहीत असं मानल्या जाणाऱ्या) अधिकाराने काढलेलं नाही, तेव्हा ते मानायला आपण बांधील नाही. हेच वाक्य एखाद्या डेमोक्रॅटने संततिनियमनाबद्दल उच्चारलं तर त्याला ‘कॅफेटेरिया कॅथलिक’ म्हणतात, म्हणजे ताटात हवं तेवढंच वाढून घेणारा.

पक्ष आड आला की जीभ कशी जड होते याचा अगदी अलीकडचा नमुना अलाबामाचा. फेब्रुवारी २०२४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आयव्हीएफ केंद्रात गोठवून ठेवलेले भ्रूण म्हणजे कायद्याने मुलंच. कॅथलिक शिकवणही १९८७पासून भ्रूणाला माणूस मानायला सांगते, आणि आयव्हीएफ तिला मान्य नाही. प्रो-लाइफ चळवळीने फटाके लावायला हवे होते. झालं उलटंच. महिनाही उलटायच्या आत रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने आयव्हीएफ केंद्रांना संरक्षण देणारा कायदा केला, आणि देशभरच्या प्रो-लाइफ पुढाऱ्यांनी आपण आयव्हीएफच्या बाजूचे आहोत हे सांगायला गर्दी केली. आयव्हीएफ हवं असणारी जोडपी मतदार आहेत, आपल्याच वस्तीतली आहेत. गोठवलेल्या भ्रूणासाठी लढायचं तर त्यांना दुखवावं लागेल.

म्हणून माझी कसोटी अशी : कुणाचा जीव वाचवायचा म्हटलं की तुमच्या आपल्या माणसांत तुमची पंचाईत होते? त्या जिवाबद्दल तुम्ही काय बोललात तेवढंच मोजायचं. बाकीचं पक्षाने तुमच्या वतीने आधीच बोलून ठेवलेलं असतं.

या कसोटीला उतरणारी एक घटना जानेवारी १९९९मध्ये सेंट लुइसला घडली. मिसूरी राज्यात एका तिहेरी खुन्याचा मृत्युदंड नेमका पोप जॉन पॉल तिथे असतील त्याच दिवशी होणार होता. बभ्रा नको म्हणून न्यायालयाने तारीख दोन आठवड्यांनी पुढे नेली. माणूस निरपराध नव्हता. त्याने मारलेल्या तिघांत पंगू असलेला एक तरुण होता. २७ तारखेला सकाळी पोपनी मिस्सामध्ये सांगितलं की जीवनाच्या बाजूने उभं राहायचं तर बिनशर्त उभं राहा, आणि मृत्युदंड क्रूर आणि अनावश्यक आहे. संध्याकाळी कॅथीड्रलमध्ये प्रार्थना झाल्यावर ते चालत गव्हर्नर मेल कार्नाहन यांच्यापाशी गेले आणि म्हणाले, त्या माणसावर दया करा. कार्नाहन बाप्टिस्ट, मृत्युदंडाचे समर्थक, पुढच्या वर्षी सिनेटची निवडणूक लढवणारे. शिवाय गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे. त्याच वर्षी त्यांनी गर्भपातावर बंधनं आणणारं विधेयक नाकारलं आणि विधिमंडळाने त्यांचा नकार मोडून काढला. पण २८ जानेवारीला त्यांनी मृत्युदंड रद्द करून आजन्म कारावास दिला. मतांच्या दृष्टीने यात त्यांना तोटाच होता.

पोपना एक सोपा मार्ग होता. कार्नाहन गर्भपाताच्या बाजूचे, तेव्हा त्यांच्याशी बोलायचंच नाही. किंवा दुसरा सोपा मार्ग : दया मिळाली, आता गर्भपाताचा विषय नको. त्यांनी दोन्ही टाळले. त्यांनी कार्नाहनना पुरस्कार दिला नाही, वाळीतही टाकलं नाही. एक गोष्ट मागितली आणि ती मिळाली. आजचे बिशप पुरस्कार द्यायचा की कम्युनियन नाकारायचं या दोनच हत्यारांनी लढतात, आणि मग राजकारण्याकडे काही मागण्याइतकं नातंच उरत नाही.

आपल्याकडे हा सगळा वाद जसाच्या तसा आणणं वेडेपणाचं आहे. भारतात गर्भपाताचा कायदा १९७१चा. तो ज्यांच्या अहवालावर झाला ते शांतिलाल शाह महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. त्यावर इथे कधी निवडणूक लढली गेली नाही. इथे पोटातल्या जिवाचा प्रश्न पेटला तो मुलगी म्हणून पाडल्या जाणाऱ्या गर्भांमुळे, आणि तो लढा उभारला मुंबईच्या स्त्री-संघटनांनी आणि आरोग्य-कार्यकर्त्यांनी. त्यांच्याच रेट्याने १९८८मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४चा. यातल्या बहुतेकजणी गर्भपाताच्या हक्काच्या कट्टर समर्थक होत्या आणि आहेत. अमेरिकन साच्यात त्या ‘विरुद्ध बाजूच्या’. वसईतला किंवा वांद्र्यातला कॅथलिक त्यांच्याशी गर्भपातावर वाद घालू शकतो, घालावाही, पण सोनोग्राफीच्या बेकायदा धंद्याविरुद्ध त्यांच्या शेजारी उभं राहायला त्याला कुठल्याही बिशपची हरकत असू नये.

इथलं गैरसोयीचं माणूस कोण, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. फादर स्टॅन स्वामी येशूसंघीय धर्मगुरू, झारखंडच्या आदिवासींमध्ये आयुष्य घातलेले. ऑक्टोबर २०२०मध्ये त्यांना भीमा कोरेगाव प्रकरणात यूएपीएखाली अटक झाली आणि तळोजा तुरुंगात ठेवलं गेलं. वय ८३, अंगात पार्किन्सन. हात थरथरतात म्हणून पाणी पिण्यासाठी नळी आणि सिपर मिळावा, असा त्यांनी नोव्हेंबरमध्ये अर्ज केला. उत्तर द्यायला तपासयंत्रणेला २० दिवसांची मुदत मिळाली. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये ते वारले, खटला सुरू होण्याआधीच. त्यांच्या संघाने आणि काही बिशपांनी आवाज उठवला, हे नोंदवलं पाहिजे. पण तरीही अनेक कॅथलिक घरांत तेव्हा ‘ते राजकारण आहे, आपण त्यात नको’ हेच वाक्य होतं, आणि ते म्हणणाऱ्यांत गर्भपाताविरुद्ध नेमाने रोझरी म्हणणारी माणसंही होती. मिसूरीतल्या त्या माणसाने तीन खून केले होते आणि तरी पोप त्याच्यासाठी शब्द टाकायला गेले. फादर स्टॅन यांच्यावर काहीच सिद्ध झालेलं नव्हतं. परिषदेच्या १९६५च्या त्या यादीत गर्भपाताच्या पुढे काही शब्दांवर ‘मनमानी तुरुंगवास’ लिहिलेलं आहे. ती यादी आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवताना कुठल्या शब्दाशी थांबायचं, हे शिकवणाऱ्याने कुणाला विचारून ठरवलं?